मदत हवी आहे: कावागुची शहराच्या ओतकामाचा इतिहास

जपानमध्ये राहणाऱ्या किंवा जपानी वाचणाऱ्या मंडळींची मदत हवी आहे. तोक्योच्या उत्तरेला, आराकावा नदी ओलांडली की साइतामा प्रांतातलं कावागुची लागतं. आज तिथून रोज सकाळी केइहिन-तोहोकू लाइनच्या गाड्या भरभरून तोक्योकडे जातात. पण मला ओढ आहे ती तिथल्या बिडाच्या ओतकामाची. नदीकाठी साच्यांना लागणारी वाळू आणि माती मिळायची, तयार भांडी नावेतून थेट एदोला (म्हणजे जुन्या तोक्योला) जायची. १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकचं ज्योतपात्रही इथेच ओतलं गेलं!

१९७०च्या दशकातल्या तेलसंकटानंतर कारखाने हळूहळू बंद पडले किंवा बाहेर गेले, आणि त्या जागांवर टोलेजंग इमारती आल्या. या बदलाबद्दल इंग्रजीत फारच त्रोटक मिळतं.

कारखान्यांच्या जागा नेमक्या कशा विकल्या गेल्या? उरलेल्या फाउंड्र्या आणि नवे रहिवासी यांच्यात धूर, आवाज यांवरून काय तोडगा निघाला? एखादी चालू फाउंड्री बाहेरच्या माणसाला बघू देतात का? आणि कावागुचीतल्याच आंग्यो भागातल्या रोपवाटिका अजून तग धरून आहेत का? जपानी मजकूर असला तरी चालेल, वाचून घेईन. कुणी तिथे राहत असेल तर कृपया जरूर लिहा.