रेझिनची विक्रांत: मास्किंग टेपबरोबर रंगच निघून आला

बोटवेडा:
मंडळी मदत करा, डोकं फिरलंय. जुन्या विक्रांतचं, म्हणजे आपल्या नौदलाच्या विमानवाहू जहाजाचं, १/७०० चं (खऱ्याच्या सातशेव्या भागाएवढं) रेझिन किट (साच्यात ओतलेल्या रेझिनचे भाग जोडून करायचं मॉडेल) करतोय, १९७१ ची. आजवर नुसती प्लॅस्टिकची विमानं केली, रेझिन पहिल्यांदाच. हलला (जहाजाच्या मुख्य धडाला) प्रायमर मारला, वर ग्रे मारला, दोन दिवस वाळू दिला, मग वॉटरलाइनची (पाणी जिथवर येतं तिथली) काळी पट्टी मारायला टेप लावली आणि काढताना प्रायमरसकट अख्खा पापुद्रा टेपबरोबर आला, खाली पिवळट रेझिन उघडं. पावसामुळे झालं का? शिवाय हल मधे उचललाय, टेबलावर ठेवला की खालून पोस्टकार्ड आरपार जातं.

सँडपेपर:
प्रायमरच्या आधी धुतलं होतंत का?

बोटवेडा:
धुवायचं असतं?? 😅

सँडपेपर:
मग झालं की. पार्ट साच्यातून सुटावा म्हणून आत रिलीज एजंट मारतात, त्याचा तेलकट थर पार्टवर राहतो, त्यावर काहीच धरत नाही. पावसाला बोल लावू नका, दमट हवेत लॅकरचा रंग पांढुरका पडतो, त्याची सालं नाही निघत. आता सगळा रंग उतरवा. अ‍ॅक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा, त्यात बुडवून ठेवू नका, अ‍ॅसिटोन तर लांबच ठेवा. मग कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश, खाचाखोचांतून नीट फिरवा. आणि प्लॅस्टिकचा सिमेंट रेझिनला चालत नाही हं, सुपर ग्लूच लागतो.

खाडीकाठ:
हलचं सांगतो. गरम पाण्यात ठेवा, उकळतं नको, पण हात घालवणार नाही इतपत कढत. नरम पडला की काचेवर दाबून वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवा, पार गार होईपर्यंत हलवू नका. भरीव हलला वेळ लागतो, एकदा-दोनदा परत करावं लागेल. राहिलेला उंचवटा काचेवर सँडपेपर चिकटवून पाण्यात घासा, मास्क लावून, ती धूळ फुप्फुसाला वाईट. आणि पाच-सहा हात घासले की हलचं पुढचं टोक मागे करून धरायचा, नाहीतर एकाच बाजूने जास्त झिजतो. माझी एक बोट शोकेसमध्ये कायमची डावीकडे कललेली आहे, पाहुणे विचारतात बुडतेय का.

दर्यावर्दी:
थोडं अवांतर, १९७१ ची करताय तर डेकला (विमानं उडतात त्या वरच्या मजल्याला) पुढे चढ नको. तो चढ, म्हणजे स्की-जंप, सी हॅरियर विमानांसाठी १९८० च्या दशकाच्या शेवटी बसवला. ७१ ला सी हॉक आणि अलिझे विमानं होती, वाफेच्या कॅटापल्टने (विमान जोरात पुढे ढकलणाऱ्या यंत्राने) उडायची, पुढचा डेक सपाट.

बोटवेडा:
अरे देवा. म्युझियम होतं तेव्हा शाळेच्या ट्रिपला पाहिली होती, तेव्हा पुढे चढ होता, म्हणून मला वाटलं किटवाल्यानेच चूक केलीये आणि दोन रविवार घालवून मी पुट्टीचा चढ करून घेतलाय. रंग उतरवताना तोही तासावा लागणार म्हणजे. पुट्टी कशाने निघते?

सँडपेपर:
घामाने 😂