संध्याकाळी पाच वाजता, चौघं चौघं
(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, बुधवार, २० जानेवारी २०२१)

बी-३०४, सकाळी १०:५२
नमस्कार सगळ्यांना. कोरोनामुळे बंद असलेली मोठ्याची शाळा २७ तारखेपासून सुरू होतेय, तो सहावीत आहे. त्याचं दप्तर माळ्यावरून काढलं तसं धाकटीनं विचारलं, "माझी कधी?" ती पहिलीत. जूनपासून बाईंना फक्त मोबाइलवरच पाहिलंय तिनं. वाचन, बेरीज छान चाललंय, त्याची काळजी नाही. पण हल्ली घरी कुणी आलं की दाराआड जाते. लिफ्टमध्ये तिच्याच वयाची एक मुलगी भेटली, दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. तासाला बाईंनी नाव घेतलं की कॅमेरा बंद करते. अजून कुणाकडे असं होतंय का?

ए-२०१, १०:५८
हो ताई. आमचा सिनिअर केजीत. हरला की सगळा डाव उधळतो. सापशिडी कपाटात ठेवून दिलीय आता.

डी-५०३, ११:०३
आमच्याकडे वेगळंच. तास संपला तरी उठत नाही, कारण मित्रांचे चेहरे तेवढ्यातच दिसतात. बाईंनी सगळ्यांना म्यूट केलं की रडतो. त्याला गोष्ट ऐकायची नसते, शेजारच्या चौकोनातल्या मुलाशी बोलायचं असतं.

ए-४०५, ११:१०
मुलं पटकन रुळतात हो. शाळा उघडली की महिन्याभरात सगळं जागेवर येईल. सध्या अभ्यास मागे पडू नये एवढं बघू या.

सी-१०२ (बाई), ११:४१
४०५, रुळतील, मलाही तसंच वाटतं. पण तोवर काहीच करायचं नाही हे पटत नाही. माझं आयुष्य बालवाडीत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही चार मुलांत मुद्दाम एकच रंगपेटी द्यायचो. लाल खडू एकाच्या हातात, तोच दुसऱ्याला हवा. मग मागायचं, थांबायचं, नाही मिळाला तर रुसायचं, पुन्हा मागायचं, नाहीतर निळ्यावर भागवायचं. बाईनं मध्ये पडायचं ते मारामारीपर्यंत गेलं तरच. आता ऑनलाइन तासाला प्रत्येकाची पेटी आपापल्या घरी, आणि कुणी कधी बोलायचं ते बाई ठरवतात. त्यात त्या बाईंचा काही दोष नाही, मोबाइलवर वीस मुलं सांभाळणं फार कठीण आहे. पण भांडायला समोर कुणी नसलं की मिटवायचं शिकणार कुठून?

दोन-अडीच वर्षांची मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात. पुढे एकमेकांच्या वस्तू घेत-देत खेळतात, आणि चार-पाचच्या सुमारास "तू डॉक्टर, मी पेशंट" असं ठरवून खेळायला लागतात. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधक बाईंनी १९३२ साली हे टप्पे मांडले, आम्हाला प्रशिक्षणात होते. ३०४, तुमची धाकटी नेमकी त्याच काळात घरात बसली. मोठ्याला मित्र आहेत, तो त्यांना फोन करतो. हिला मैत्रिणी अजून करायच्याच आहेत. म्हणून पहिली-दुसरीच्या आतल्या मुलांकडे मला आधी बघावंसं वाटतं.

सचिव, ११:५५
उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ९ ते १२ पाणी नाही. कृपया आजच भरून ठेवा.

सचिव, १२:०१
बाई, तुमचं म्हणणं कळतं. पण केंद्राच्या सूचनेत ६५ च्या वरचे आणि १० वर्षांखालचे यांनी घरीच राहावं असं आहे. खेळायच्या जागेला कुलूप त्यामुळेच आहे. उद्या काही झालं तर कमिटीला विचारतील.

बी-६०२ (डॉक्टर), १२:२०
सूचनेत गरजेच्या कामाला आणि आरोग्यासाठी बाहेर पडायला मोकळीक आहे. लहान मुलांचं धावणं मी आरोग्यातच धरते. माझ्याकडे आठवड्याला अशी मुलं येतात, पोटात दुखतं म्हणून, आणि तपासून काही सापडत नाही. मात्र गर्दी नको. ठरलेली चार मुलं, रोज तीच, फक्त मोकळ्यावर, आधी-नंतर हात धुणे. कुणाच्या घरात सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी सुट्टी. सहा वर्षांपासून पुढे मास्क, मोठ्यांच्या देखरेखीत. पाच आणि त्याखालच्यांवर सक्ती करू नका, जागतिक आरोग्य संघटनेनंही तेच सांगितलंय. बंद हॉलमधल्या वाढदिवसापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

ए-४०५, १२:३२
आमच्या घरी आई ७४ ची, मधुमेह आहे. आम्ही खाली पाठवणार नाही. मग आमच्या मुलानं काय करायचं?

सी-१०२ (बाई), १२:५०
तुमचं बरोबर आहे, नकाच पाठवू. पण तुमच्या समोरच्याच दारात ४०६ ची मुलगी आहे ना? दोन्ही दारं उघडी ठेवा, दोघं आपापल्या उंबऱ्यात मास्क लावून बसू देत, मध्ये सगळा पॅसेज आहे. चित्र काढून एकमेकांना दाखवतील, कोडी घालतील. नाहीतर अर्धा तास व्हिडिओ कॉल लावून द्या, दोघांच्या हातात आपापली भातुकली किंवा गाड्या, आणि तुम्ही खोलीतून बाहेर या. हे महत्त्वाचं. आपण बाजूला बसलो की मुलं आपल्याकडे बघून बोलतात.

तासाच्या वेळीही हेच. मोबाइलमागून उत्तर सांगू नका. "सांग ना, येतं ना तुला" हेही नको. मुलाला दोन बाजूंनी परीक्षा द्यावी लागते, समोर बाई आणि मागे आई. कॅमेरा बंद केला तर करू दे, बाईंना आधी सांगून ठेवा की आज ती नुसती ऐकेल. जुलैमध्ये राज्य सरकारनं वेळ ठरवून दिली तेव्हा बालवाडीला रोज ३० मिनिटं ठेवली, तीही पालकांशी संवादासाठी. पहिली-दुसरीच्या ३० मिनिटांच्या तासातही १५ मिनिटं पालकांशीच बोलायची आहेत. ती १५ मिनिटं गृहपाठ विचारण्यात घालवू नका. मूल कशानं रडतं, कुणाची आठवण काढतं, ते बाईंना सांगा.

२०१, सापशिडी परत काढा. हरणं घरात शिकायला सर्वात सोपी जागा तीच आहे. फक्त मुद्दाम त्याला जिंकवू नका. डाव उधळला की लगेच समजूत घालायची नाही, ओरडायचंही नाही. शेजारी बसा. रडणं ओसरलं की म्हणा, "शेवटच्या घराजवळ साप आला, फार राग आला ना?" राग आला हे चालेल, सोंगट्या फेकणं चालणार नाही, या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्या. मग त्यानंच सोंगट्या वेचायच्या, तुम्ही पट धरा. रोज सांगावं लागेल. एका आठवड्यात फरक दिसला नाही तरी सोडू नका.

ए-२०१, १२:५८
बाई, हे आजच करून बघते. सासूबाई लगेच बिस्कीट देऊन गप्प करतात, त्यांनाही तुमचा मेसेज वाचून दाखवते.

डी-५०३, १:०५
खाली आणलं तर खेळवायचं काय? हात न धरता?

सी-१०२ (बाई), १:१९
शिवाजी म्हणतो, स्टॅच्यू, डोंगराला आग लागली पळा पळा. यात अंगाला हात लागत नाही. आणि "शिवाजी म्हणतो" ऐकलं नाही तर हात वर करायचा नाही, हे स्वतःला थांबवणं पाच वर्षांच्या मुलाला खरोखर जड जातं. तेच तर शिकायचं असतं. राज्य कुणावर यावरून वाद होईल, होऊ द्या, मोठ्यांनी निकाल देऊ नका.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला हेच केलं. मुलं शाळेत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आपल्याकडे तर अंगण आहे आणि त्याला कुलूप आहे. सचिव साहेब, एवढं कुलूप काढा, मी स्वतः बाकावर बसते.

बी-६०२ (डॉक्टर), १:२४
बाई, तुम्ही ६५ च्या पुढच्या. बाकावर बसा, पण मास्क लावून आणि मुलांपासून लांब. खेळवायला तरुण माणसं घ्या.

ए-१०६, १:४०
आमच्या तान्हीचं पहिलं बोरन्हाण रथसप्तमीच्या आत करायचंय. आजूबाजूची मुलं बोलवायची होती, पण बोरं-कुरमुरे लुटायला सगळी एकावर एक पडतात. रद्द करू का?

सी-१०२ (बाई), १:४७
रद्द नका करू. खालीच चटई टाका, दुपारी चारला. लूट नको. प्रत्येक मुलाला दोन बंद पुड्या द्या, एक त्याची आणि एक त्यानं ज्याला द्यायचीय त्याला. कुणाला द्यायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. एखाद्याला कुणीच दिली नाही, तर मोठ्यांनी त्याच्याजवळ जाऊन बसायचं. तेवढ्यासाठी चार पुड्या जादा ठेवा.

सचिव, २:१५
कमिटीतल्या तिघांशी बोललो. सोमवारपासून संध्याकाळी ५ ते ५:४५ ए आणि बी विंग, ६ ते ६:४५ सी आणि डी. एका गटात चार मुलं, सोबत एक पालक. घसरगुंडी बंदच राहील. किल्ली वॉचमनकडे. डॉक्टरांच्या अटी नोटीस बोर्डावर लावतो. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, केस वाढल्या तर लगेच बंद.

डी-५०३, २:१८
सोमवार-बुधवार मी थांबतो, सध्या घरूनच काम आहे. मंगळवारी कोण?

बी-३०४, २:२२
मंगळवार माझा. धाकटीला सोबत आणते. ती बाकावरच बसली तरी चालेल ना बाई?

सी-१०२ (बाई), २:२३
पहिले चार दिवस बाकावरच बसेल. "जा ना, खेळ ना" म्हणू नका. तिच्या हातात एक चेंडू देऊन ठेवा, दुसरं मूल मागायला येईल.