मराठी माध्यम, टीई (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) मेकॅनिकल: इंटर्नशिपच्या मेलला उत्तर नाही, ग्रुप डिस्कशनमध्ये (जीडी) शिरता येत नाही. सुरुवात कुठून करू?

टीई_मेक
सातव्या सेमिस्टरला प्लेसमेंट सुरू होतात, म्हणजे हातात साधारण सहा महिने. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वाचलेलं इंग्रजी कळतं, लिहिताना अडतं, बोलताना वाक्य अर्ध्यावर सुटतं. कॉलेजात सॉफ्ट स्किल्सचा तास असतो, पण तिथे हात कसा मिळवायचा आणि टाय कसा बांधायचा याच्या पुढे गाडी जात नाही. तीन अडचणी आहेत:

१. इंटर्नशिपसाठी बऱ्याच कंपन्यांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. विषय ‘इंटर्नशिप’. मजकूर असा: ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, मायसेल्फ अमुक, स्टडिंग इन टीई मेकॅनिकल. आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग अँड क्विक लर्नर. काइंडली डू द नीडफुल.’ सोबत रेझ्युमे.
२. मॉक जीडीत बोलायची वेळ येईपर्यंत मुद्दा पुढे गेलेला असतो.
३. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ पाठ केलं आहे, पण मध्येच विसरतं.

स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा का?

चाकणकर
फक्त मेलबद्दल लिहितो. तुमच्या मेलमध्ये व्याकरणापेक्षा मोठी अडचण अशी की वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं हेच त्यात नाही. कधीपासून, किती आठवडे, कुठल्या विभागात, काहीच नाही. ‘नीडफुल’ म्हणजे काय हे त्याने का शोधत बसायचं?

विषयाच्या ओळीत चार गोष्टी हव्यात: काय हवं, वर्ष, शाखा, काळ. म्हणजे ‘समर इंटर्नशिप रिक्वेस्ट, थर्ड इयर मेकॅनिकल, जून-जुलै’. मजकूर पाच-सहा ओळींचा. पहिल्याच वाक्यात तुम्ही कोण आणि काय मागताय. दुसऱ्यात याच कंपनीला का लिहिताय: ते शीट मेटलचे पार्ट बनवत असतील तर तसं लिहा, ‘युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’ नको. तिसऱ्यात पुरावा: कुठलं सॉफ्टवेअर येतं, त्यात काय बनवलं आहे. ‘हार्डवर्किंग’ सगळेच लिहितात, त्याला वजन नाही. शेवटी तारखा, फोन नंबर, आणि कॉलेजचं पत्र देऊ शकता ही ओळ.

आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, पत्ता सर्वांत शेवटी भरा. मग अर्धवट मेल चुकून जात नाही आणि ‘सॉरी, अटॅचमेंट राहिली’ असा दुसरा मेल पाठवावा लागत नाही. रेझ्युमे एक पानी पीडीएफ. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि शाखा. ‘फायनल न्यू २’ नावाची फाइल एचआरच्या फोल्डरमध्ये पुन्हा सापडत नाही. चाळीस पत्ते एकाच ‘टू’मध्ये टाकले असतील तर उत्तर न येण्याचं कारण तिथेच आहे, प्रत्येकाला बाकीचे एकोणचाळीस दिसतात.

आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर त्याच मेलला ‘रिप्लाय’ करून दोन ओळींची आठवण करा. अजून एकदा केली तरी चालेल, त्यापुढे नाही.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून: एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये मेल बघणारा माणूस बहुधा तोच असतो जो डिस्पॅचही बघतो. तिथे टीपीओच्या (कॉलेजचा प्लेसमेंट अधिकारी) सहीचं पत्र आणि रेझ्युमेची प्रिंट घेऊन गेटवर जाणं जास्त उपयोगी. दुपारच्या जेवणाची आणि शिफ्ट बदलायची वेळ टाळा.

गवती_चहा
जीडी. साधारण ८ ते १२ जण, १५ ते २० मिनिटं. भागाकार केला तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन मिनिटं येतात. म्हणजे २०-३० सेकंदांच्या तीन-चार एंट्री पुरतात. दोन मिनिटांचं भाषण कुणालाच नको असतं.

तुमचा मुद्दा निघून जातो कारण पूर्ण वाक्य डोक्यात जुळल्याशिवाय तुम्ही तोंड उघडत नाही. उपाय: फक्त सुरुवातीचे तुकडे घोटून ठेवा. ‘आय अग्री विथ द कॉस्ट पॉइंट, बट…’, ‘वी हॅव नॉट टॉक्ड अबाउट…’, ‘कॅन वी लुक ॲट द अदर साइड…’. समोरचा वाक्य संपवून श्वास घेतो तेवढ्यात हा तुकडा टाकायचा. तो बोलला जाईपर्यंत पुढचं वाक्य सुचायला दोन-तीन सेकंद मिळतात.

मुद्दे सुचत नसतील तर पैसा, माणसं, तंत्र, कायदा या चार खणांत विषय टाकून बघा. इलेक्ट्रिक गाड्या म्हटलं की पैशात बॅटरीची किंमत, माणसांत गॅरेजवाल्यांचा रोजगार, तंत्रात चार्जिंगला लागणारा वेळ, कायद्यात जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट. मेकॅनिकलवाल्याला यातलं निम्मं आधीच माहीत असतं.

‘पहिला बोलतो त्याला जास्त मार्क’ हे खरं नाही. पहिल्याने विषयाची नीट विभागणी केली तरच फायदा, नुसती व्याख्या म्हणून दाखवली तर उलट पाटी कोरी आहे हे सगळ्यांत आधी दिसतं. बोलताना परीक्षकाकडे नाही, गटाकडे बघा.

सरावाला सहा जण बोलायला आणि सातवा नोंद करायला. त्याने फक्त खुणा करायच्या: कोण किती वेळा बोललं, किती सेकंद, किती वेळा दुसऱ्याचं तोडलं, किती वेळा दुसऱ्याच्या मुद्द्याचा धागा धरला. शेवटी आधी हे आकडे वाचायचे, मतं नंतर. मित्रांच्या ‘भारी बोललास’चा काही उपयोग नसतो.

स्वल्पविराम
आता ओळख. पाठांतर हेच विसरण्याचं कारण आहे. वाक्यं एकमेकांना बांधलेली असतात, एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. वाक्यं नको, पाच खुणेचे शब्द पाठ करा: शाखा, प्रोजेक्ट, माझं काम, परिणाम, ही नोकरी का. रोज त्याच पाच शब्दांवरून नवी वाक्यं बनवून बोला.

लांबी ६० ते ९० सेकंद. इंग्रजीत मिनिटाला १२०-१४० शब्द हा आरामाचा वेग, म्हणजे साधारण १२० ते २०० शब्द. वडिलांचा व्यवसाय, भावंडं, छंद यांत त्यातली निम्मी जागा जाते. विचारलं तर सांगा. सगळ्यात जास्त वेळ ‘माझं काम’ला द्या. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये सगळे ‘वी डिझाइन्ड’ म्हणतात आणि तुम्ही नेमकं काय केलं ते कळतच नाही. ड्रॉइंग तुम्ही काढलं की टेस्टिंग केलं, अडचण काय आली, आकड्यात काय बदललं, ते सांगा. सुरुवात ‘मायसेल्फ’ने नको, ‘आय ॲम अमुक’ पुरे.

फोनवर रेकॉर्ड करा आणि तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त वेळ बघा. दुसऱ्यांदा ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘लाइक’ मोजा. तिथे काहीच न बोलता थांबायचं, ती शांतता आपल्याला वाटते त्याहून फार छोटी असते. तिसऱ्यांदा वाक्यांचे शेवट ऐका. शेवटचे दोन शब्द गिळले जातात आणि नेमका आकडा त्यातच असतो. दर रविवारची फाइल तारीख टाकून जपून ठेवा. उच्चारांच्या मागे शेवटी लागा.

क्लासबद्दल: बहुतेक ठिकाणी व्याकरणाची वही भरून घेतात. एनपीटीईएलवर (आयआयटींची ऑनलाइन कोर्सची साइट) सॉफ्ट स्किल्सचे कोर्स फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षेचे. पण व्हिडिओ बघून तोंड सुटत नाही, त्याला वरचा सहा जणांचा गटच लागेल.

चाकणकर
‘इंग्रजीत विचार करा’ असा सल्ला कुणी देईलच, सहा महिन्यांसाठी त्याच्या नादी लागू नका. मुद्दे मराठीतच जुळवा, फक्त वाक्यं छोटी ठेवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्य मनात जुळवून इंग्रजीत उतरवायला गेलात की मध्येच अडकता. आठ-दहा शब्दांनंतर पूर्णविराम.

टीई_मेक
धन्यवाद. टीपीओचं पत्र उद्याच मागतो, रविवारी गट जमवतो. एकच राहिलं: मुलाखतीत प्रश्नच कळला नाही तर?

स्वल्पविराम
नुसतं ‘पार्डन?’ म्हटलं तर तोच प्रश्न त्याच वेगाने परत येतो. कळला तेवढा भाग बोलून दाखवा: ‘आर यू आस्किंग अबाउट द मटेरियल ऑर द प्रोसेस?’ तो सोपं करून सांगेल. तरीही उत्तर येत नसेल तर ते एका वाक्यात कबूल करा आणि जवळचं जे येतं ते सांगू का, असं विचारा. ठोकून दिलं तर पुढचे तीन प्रश्न त्याच्यावरच येतात.