शब्दचर्चा : ‘कुर्गान’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : युक्रेन आणि दक्षिण रशियातील गवताळ प्रदेशावरच्या एका लेखाचे भाषांतर मी करीत आहे. तेथील सपाट माळावर, प्राचीन दफनांवर माती रचून केलेले उंचवटे दूरवरून दिसतात आणि त्यांना ‘कुर्गान’ म्हणतात. मी आधी ‘टेकडी’ लिहिले, मग खोडून ‘स्तूप’ केले, आणि दोन्ही शब्द खटकू लागले. ‘पांढर’ किंवा ‘पांढरीचे टेकाड’ चालेल काय?

पहिले उत्तर : ‘पांढर’ मात्र कृपया वापरू नये. काळीत पीक आणि पांढरीत गाव, ही आपल्याकडची जुनी विभागणी आहे. पडलेल्या भिंती, चुलीची राख आणि खापरे पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक साचत गेल्यामुळे पांढर आपोआप उंच होते. कुर्गान तसे साचत नाही. ते कोणाच्या तरी मृत्यूनंतर ठरवून रचले जाते आणि त्याच्या पोटात वस्ती नसून मृत असतो. ‘टेकडी’ म्हटले की ती निसर्गानेच केली असे वाटते. ‘स्तूप’ या शब्दाचा मूळ अर्थ ढीग किंवा रास असाच आहे, त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने आपली निवड चुकीची नव्हती. पण आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे तो शब्द ऐकताच सांची उभी राहते आणि मग त्या माळावरच्या शक (सिथियन) सरदाराला त्यात ठेवणे अवघड होते.

मूळ शब्दाची कथा मात्र सांगण्याजोगी आहे. ‘कुर्गान’ हा तुर्की भाषाकुळातला शब्द असून तेथे त्याचा अर्थ थडगे नाही, तर गढी किंवा कोट असा आहे. चीनच्या शिनच्यांग प्रांतातील ताशकुर्गान या गावाचे नाव म्हणजे ‘दगडी कोट’, आणि कझाक भाषेत ‘कोर्गान’ म्हणजे आजही तटबंदी. दफनाच्या राशीला कझाक लोक ‘ओबा’ म्हणतात. रशियन भाषेत गेल्यावर या शब्दाला उंचवट्याचा आणि दफनाचा अर्थ चिकटला. हा प्रवास विचित्र वाटेल, पण आपल्याकडे नालासोपाऱ्याच्या ज्या उंचवट्याला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, तो १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी खणला तेव्हा आत दगडी करंडक असलेला बौद्ध स्तूप निघाला. सपाट मुलखातला बेवारशी उंचवटा लोकांना बहुधा किल्लाच वाटतो.

माझ्या मते ‘कुर्गान’ तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘दफनटेकाड’ असा खुलासा जोडावा. ममायेव कुर्गानसारख्या विशेषनामात तर भाषांतराचा प्रश्नच येत नाही. व्होल्गोग्रादमधल्या त्या उंचवट्याची जगाला ओळख आहे ती १९४२-४३च्या स्टालिनग्राडच्या लढाईमुळे.

दुसरे उत्तर : ‘दफनटेकाड’ मान्य, पण आपल्या प्रश्नातील ‘माती रचून’ हे शब्द सर्वत्र लागू होत नाहीत. दक्षिण सायबेरियातील तुवा प्रदेशात अर्झान येथील पहिले कुर्गान म्हणजे शंभर मीटरांहून अधिक व्यासाची दगडी रास आहे आणि तिच्याखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या रचलेल्या लाकडी कोठड्या होत्या. अल्ताय पर्वतातील पाझिरीक येथेही वर दगडच होते. त्या दगडांखाली झिरपलेले पाणी गोठून राहिले, म्हणूनच लाकूड, कातडे, नमदे आणि सुमारे दोन मीटर लांबीरुंदीचा एक गाठींचा गालिचा अडीच हजार वर्षांच्या आसपास टिकला. मातीचा उल्लेख नीपर नदीच्या खोऱ्यापुरता ठेवावा.

कोणी ‘श्मशान’ सुचवील म्हणून आधीच लिहून ठेवतो. शतपथ ब्राह्मणात श्मशान म्हणजे मृताच्या अस्थींवर रचलेला उंचवटा असाच अर्थ आहे. देवांना मानणारे लोक तो चौकोनी करतात आणि प्राच्य व असुर वृत्तीचे लोक वाटोळा करतात, असे तेथे म्हटले आहे. कुर्गानाला इतका जवळचा जुना भारतीय शब्द मला दुसरा दिसत नाही. पण मराठीत ‘स्मशान’ म्हणजे जाळण्याची जागा, त्यामुळे तो उपयोगाचा नाही. विदर्भातील जुनापाणी, माहुरझरी येथील शिळावर्तुळांचा शब्दही येथे आणू नये. तेथेही दफने आहेत, घोड्याच्या साजाचे अवशेषही सापडले आहेत, परंतु त्या शब्दाचा भर दगडांच्या कड्यावर आहे, उंचीवर नाही.

प्रश्नकर्ता : दोघांचे आभार. लिंगाचा प्रश्न राहिला. मी ‘तो कुर्गान’ लिहीत होतो.

पहिले उत्तर देणारे : ‘ते कुर्गान’ लिहावे. टेकाड, थडगे हे त्याचे सोबती नपुंसकलिंगी आहेत आणि ‘कुर्गाने’, ‘कुर्गानाखाली’ ही रूपे जिभेवर सहज बसतात. मात्र युक्रेनी लोक त्याच राशीला ‘मोहिला’ म्हणतात आणि त्या भाषेत साध्या थडग्यालाही तोच शब्द आहे. आपल्या लेखात हे नाव येत असेल तर ते स्त्रीलिंगीच राहू द्यावे.

प्रश्नकर्ता : येते. माझे वाक्य आता असे झाले आहे : “नीपरच्या खोऱ्यातील टोव्स्टा मोहिला, म्हणजे ‘जाडी थडगी’, या कुर्गानाखाली (मातीच्या दफनटेकाडाखाली) १९७१ साली पुरातत्त्वज्ञ बोरिस मोझोलेव्स्की यांना सोन्याचे एक किलोहून जड उरोभूषण सापडले, त्याच्या वरच्या पट्टीत दोन शक पुरुष गुडघे टेकून मेंढीच्या कातड्याचा अंगरखा दोन्ही बाजूंनी ताणून धरीत आहेत.”

दुसरे उत्तर देणारे : ‘जाडी थडगी’ वाचताना अनेकवचन वाटते. ‘जाडे थडगे’ करावे, किंवा सरळ ‘लठ्ठ थडगे’. बाकी वाक्य ठीक आहे.