दोन्ही सभागृहांत बहुमत, तरी अडते कुठे?

सी-७०२ : नमस्कार. न्यू जर्सीत राहणारा माझा मुलगा सांगतो, की अमेरिकेत २०२५ पासून अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे असूनही एकेका विधेयकासाठी नेत्यांना रात्र रात्र जागावे लागले. बहुमत असताना असे का व्हावे, हे कुणी समजावून सांगेल का?

ए-३०४ : काका, प्रतिनिधीगृहात ४३५ जागा आहेत आणि २०२४ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांना २२०, तर डेमोक्रॅटांना २१५ मिळाल्या. सगळे हजर असतील आणि विरोधक एकजुटीने विरोधात असतील, तर स्वपक्षाचे तिघे फिरताच विधेयक पडते. त्यामुळे काठावरच्या बहुमतात खरी ताकद नेत्याकडे राहत नाही, ती शेवटच्या दोन-तीन मतांकडे जाते. आणि ही मते कुणाची, हे आधी ठरलेले नसल्याने प्रत्येक गट ती आपलीच असल्यासारखा वागतो.

त्यातही अडचण अशी, की हे गट एकाच दिशेला ओढत नाहीत. २०२५ च्या मोठ्या कर विधेयकात न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाच्या काही रिपब्लिकन सदस्यांनी, राज्याचा आयकर आणि घरपट्टी यांची केंद्रीय करातून मिळणारी वजावट वाढवल्याशिवाय मत देणार नाही, असा हट्ट धरला. तूट कमी करू पाहणाऱ्यांना हीच सवलत उधळपट्टी वाटत होती. एकाची समजूत काढावी, तर दुसरा रुसतो. मोठे बहुमत असते, तर नेत्याने यांतल्या एका गटाला खुशाल रुसू दिले असते.

अखेर रात्रभराच्या कामकाजानंतर २२ मे रोजी सकाळी ते २१५ विरुद्ध २१४ मतांनी मंजूर झाले. दोन रिपब्लिकनांनी विरोध केला, एकाने केवळ उपस्थिती नोंदवली आणि दोघांचे मतच पडले नाही. त्या दिवशी डेमोक्रॅटांच्या तीन जागा सदस्यांच्या निधनामुळे रिकाम्या होत्या, हेही लक्षात घ्या. पुढे सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी झाल्यावर उपाध्यक्ष व्हान्स यांचे निर्णायक मत लागले.

बी-१०१ : पण ताई, शेवटी ३ जुलैला प्रतिनिधीगृहात ते पुन्हा २१८ विरुद्ध २१४ ने पार पडलेच की. मग अडले कुठे?

ए-३०४ : ते पार पडले, कारण कर, आरोग्य, सीमासुरक्षा असे सगळे एकाच गाठोड्यात बांधले होते आणि त्याला 'नाही' म्हणणे म्हणजे पक्षाचा सगळा कार्यक्रमच बुडवणे होते. शिवाय अर्थसंकल्पाशी निगडित विशेष प्रक्रियेमुळे सिनेटमध्ये साधे बहुमत पुरले. एरवी तेथे चर्चा थांबवण्यासाठीच ६० मते लागतात, म्हणून स्वतंत्र विधेयकांची वाट फार अवघड असते. याआधी २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांच्या २२२ जागा असताना त्यांचे नेते केव्हिन मॅकार्थी यांना सभापती होण्यासाठी मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या होत्या. त्यासाठी एकट्या सदस्यालाही सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव मांडता येईल, ही अट त्यांनी मान्य केली. ऑक्टोबरमध्ये स्वपक्षाच्या आठ जणांनी विरोधकांबरोबर मत दिले आणि २१६ विरुद्ध २१० ने त्यांचे पद गेले. त्यानंतर तीन आठवडे सभागृहाला निवडून आलेला सभापतीच नव्हता, मग कायदे कुठून होणार?

सी-७०२ : आपल्याकडे मात्र असे चित्र फारसे दिसत नाही.

ए-३०४ : आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडणाऱ्याची सदस्यता जाऊ शकते, म्हणून एकटादुकटा खासदार सहसा विधेयक अडवत नाही. येथे घटकपक्ष अडवतो, आणि तोही बहुधा सरकारच्या मुळावर येतो. एप्रिल १९९९ मध्ये अण्णाद्रमुकने पाठिंबा काढल्यावर वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले होते. अमेरिकेत विधेयक पडले तरी अध्यक्ष पदावर राहतात, त्यामुळे सदस्यांना सरकार कोसळण्याची भीतीही नसते.

सी-७०२ : आता उलगडा झाला. वजावटीची मर्यादा १०,००० डॉलरवरून ४०,००० झाली म्हणून मुलगा खूश होता, आणि ती सरकारच्या उदारपणामुळे वाढली, असे मी समजत होतो.