जखमी जवानांसाठी पळायचं, की सरळ पैसे द्यायचे?

पहाटपळ्या (संभाजीनगर)
आमच्या रनिंग ग्रुपात दोन आठवडे यावरून जुंपलीय, म्हणून इथं मांडतो. गेल्या वर्षी सैन्याच्या ध्वजदिनाच्या निमित्तानं आम्ही २१ किलोमीटरची रन घेतली. जायबंदी झालेल्या जवानांसाठी मदत, हे कारण. ३०० जण आले, डोई ९०० रुपये, जमा झाले २ लाख ७० हजार. त्यातून टी-शर्ट, मेडल, टायमिंगची चिप, मांडव, साउंड, अँब्युलन्स, केळी, शेवटी मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा. सगळं वजा जाता ध्वजदिन निधीत गेले ४१ हजार. फोटोसाठी जो पुठ्ठ्याचा भला मोठा चेक केला, त्याचेच अठराशे लागले.

यंदा ध्वजदिन, म्हणजे ७ डिसेंबर, नेमका रविवारी आलाय. निम्मे म्हणतात परत घेऊ, निम्मे म्हणतात ९०० रुपये निधीत टाका आणि गपगुमान झोपा. मी पळणाऱ्यांच्या बाजूचा, पण ते ४१ हजार डोक्यातून जात नाहीत. बोला.

खतावणी
जायलाच नकोत. शंभरातले पंधरा रुपये पोचले तुमचे. ध्वजदिन १९४९ पासून पाळतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पैसे भरा, पावती घ्या, विषय संपला. ऑनलाइनही भरता येतात. कंपन्यांना तर माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामाच्या खर्चात, धरायची कायद्यानंच मुभा आहे. इतक्या वाटा असताना एवढा घाम गाळून भलं झालं कुणाचं? टी-शर्टवाल्याचं.

गोदाकाठ (नांदेड)
खतावणी भाऊ, खरं सांगा, गेल्या ध्वजदिनाला तुम्ही किती भरले?

आता मुद्द्याचं. घरी झोपलेला माणूस ९०० भरत नाही. भरू भरू म्हणतो आणि फेब्रुवारी उजाडतो. पण प्रवेश फीलाच दान म्हणणं, हा आपला घोळ आहे. लंडन मॅरेथॉनमध्ये संस्था जागा राखून घेतात, आणि त्या जागेवर पळणारा ठरलेली रक्कम ओळखीपाळखीत मागून आणायचं कबूल करतो. फी वेगळी, मदत वेगळी. जखमी सैनिकांसाठीची ‘हेल्प फॉर हीरोज’ ही संस्था तिकडं २००७ साली निघाली, तीसुद्धा अशाच एका सायकल फेरीच्या कल्पनेतून. मुंबई मॅरेथॉनलाही लोक संस्थांसाठी असे पैसे उभे करतात. आपण मात्र टी-शर्ट विकतो आणि उरलेल्या चिल्लरीला देशसेवा म्हणतो.

खतावणी
५०० भरले होते. आणि मागायचं म्हणता, तर मित्राकडं जाऊन ‘मी पळतोय, पैसे दे’ असं कोण म्हणेल आपल्याकडं? लाज वाटते माणसाला.

गोदाकाठ (नांदेड)
गणपतीच्या वर्गणीला वाटत नाही ती.

रिटायर हवालदार (परभणी)
रामराम मंडळी. सतरा वर्षं फौजेत काढली. मला तुमचा हिशेब नाही, मूळ कल्पनाच पटत नाही. लढताना हात-पाय गेला तर त्याची पेन्शन हा हक्क आहे, ती कुणाच्या वर्गणीवर चालायची गोष्ट नाही. तुम्ही पळायला लागलात की वरच्यांनाही वाटतं, चला, लोक बघून घेतायत.

अग्निवीराचं बघा. ड्युटीत अपंगत्व आलं तर ते १००, ७५ किंवा ५० टक्के धरून एकरकमी ४४, २५ किंवा १५ लाख. मग पुढं दर महिन्याची पेन्शन नाही. बावीस वर्षांचं पोरगं, ते पैसे सत्तरीपर्यंत पुरवायचे. यासाठी कुणी २१ किलोमीटर पळताना दिसत नाही. मोर्चा काढा कलेक्टर कचेरीवर, गुडघे दुखत असले तरी मी पुढं चालतो.

भरतीवाला (लातूर)
काका, आमी रोज पाच वाजता औसा रोडला पळायलोत. फौजेच्या भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटात मारलं तरच ६० मार्क. मी ५:४१ वर अडकलोय, म्हणजे ४८. तुमी पेन्शनचं म्हणायलाव ते कळतंय, पण घरी तीन एकर हाय आन् सप्टेंबरच्या पुरात सोयाबीन गेलं. पायाला काय होईल, ते भरती झाल्यावर बगू.

रनवाल्यांना एकच इचारतो. रोज आमच्या बाजूनं बारा हजाराचे बूट घालून जाता. जवानांसाठीची रन हाय तर जवान व्हायला निघालेल्यांना ९०० कामून?

सकाळची_पाळी
भरतीवाल्या दादांना फ्री एंट्री द्यायलाच हवी, हे पहिलं.

पण हवालदार काका, पळण्याला इतकं हलकं नका धरू. मेजर डी. पी. सिंग यांचा पाय कारगिलच्या लढाईत १९९९ ला गेला, आणि ते ब्लेड, म्हणजे पळण्यासाठीचा कृत्रिम पाय, लावून हाफ मॅरेथॉन पळतात. पाय गेलेला माणूस शेजारून पळताना बघितला की आपल्या मनातला ‘बिच्चारा’ गळून पडतो, तो हजार भाषणांनी पडत नाही. मुरलीकांत पेटकरांनी १९६५ च्या युद्धात गोळ्या खाल्ल्या आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण आणलं.

खतावणी
पेटकरांचं सुवर्ण पोहण्यातलं. मग काय, जायकवाडीत उड्या मारायच्या?

सकाळची_पाळी
तुम्ही आधी चालायला तर या.

धाकटी (बीड)
मी फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या दादाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. काश्मीरमध्ये, सुरुंगात. कृत्रिम पाय पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये मिळाला. ते १९४४ पासूनचं केंद्र आहे, काम एक नंबर, त्याबद्दल काही म्हणणं नाही. त्रास नंतरचा आहे. बसवला तेव्हा पाय चपखल होता. पुढं खुंट बारीक होत जातो आणि सॉकेट, म्हणजे खुंट ज्यात बसतो ती खोबण, ढिलं पडतं. मग दादा खुंटावर मोजे चढवतो, एकावर एक. सध्या चार आहेत. पावसाळ्यात वापसा नसताना रानात गेला की काळी माती पाय धरून ठेवते. दादा पुढं, पाय मागं. तो हसतो, आई आत निघून जाते.

नवं सॉकेट पुण्यात मिळतं. पण माप द्यायला जा, मग बसवून बघायला जा, घासलं तर परत जा. रातभर गाडी, सोबतीला माणूस, त्या माणसाचा रोज बुडतो. एसटीची पहिली पायरी तर तुम्ही कधी ढिल्या पायानं चढून बघा. तीन वर्षं ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ चाललंय.

मागं एका रनला त्याला पाहुणा म्हणून नेलं होतं. स्टेजला पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. दोघांनी काखेत धरून वर चढवलं. त्याला तसं धरलेलं अजिबात खपत नाही, पण माईक चालू होता, गप्प बसला. शाल, नारळ, फोटो. घरात अशा सहा शाली आहेत, त्यातली एक थंडीत वासराच्या अंगावर असते. तुला काय पाहिजे, हे त्या दिवशी एकानंही विचारलं नाही.

रिटायर हवालदार (परभणी)
ताई, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड काढलंय ना त्याचं?

धाकटी (बीड)
आहे काका. दवाखान्याला उपयोग होतो. पण पुण्याला सोबत माणूस लागतो, त्याचं काय.

खतावणी
मी निधीत भरा म्हणालो, ते चूक नाही. पण ताईंच्या दादाची पुण्याची फेरी निधीच्या कुठल्या रकान्यात बसते, ते मला सांगता येत नाही, हे कबूल.

पहाटपळ्या (संभाजीनगर)
काल ग्रुपची बैठक झाली. रन घेतोय. मेडल नाही, टी-शर्ट नाही, चिप नाही. ज्याला वेळ बघायचीय त्यानं आपलं घड्याळ बघावं. फी १५०, पाणी आणि अँब्युलन्सपुरती. भरतीच्या पोरांना तीही नाही. प्रत्येकानं दहा ओळखीच्यांकडून किलोमीटरमागं दहा रुपये कबूल करून आणायचे. देणाऱ्या एकाला २१० रुपये पडतात, जड नाहीत. देणाऱ्यानं ते सैनिक कल्याण कार्यालयातच भरायचे, आमच्या हातात रोकड नको. मेडल गेलं म्हणून अकरा जणांनी ग्रुप सोडला.

त्याशिवाय चारचाकीवाले सहा जण तयार झालेत. जिल्ह्यातल्या ज्याला पायाच्या कामासाठी पुण्याला जायचंय, त्याला घरून न्यायचं, काम होईपर्यंत थांबायचं, घरी आणून सोडायचं. ताई, पहिली फेरी दादाची. बीड आमच्या जिल्ह्यात नाही, माहीत आहे.

रिटायर हवालदार (परभणी)
गाडीचं चांगलं केलंत. रनला मी येणार नाही. निवेदन लिहून ठेवलंय, सह्या करायला या.

भरतीवाला (लातूर)
सही करतो काका. रनलाबी येतो. ५:३८ झालं आज.

धाकटी (बीड)
दादाला वाचून दाखवलं. गाडीचं ऐकून म्हणाला, ड्रायव्हरला सांग वाटेत बोलायला लावू नको, मला गाडीत झोप लागते. रनला येतो म्हणाला, पण स्टेजवर नाही, पाण्याच्या टेबलापाशी. टेबल सावलीत लावा. सॉकेटमध्ये घाम साचला की पाय सटकतो.