श्वासनलिकेत नळी न घालता दुर्बिणीद्वारे फुफ्फुसाची शस्त्रक्रिया : नंतर बरे होण्यास किती काळ लागतो?

यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड, सोलापूर

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या फुफ्फुसाभोवती दुसऱ्यांदा हवा साठल्यामुळे, फुफ्फुसाच्या टोकावरील हवेचे फुगे दुर्बिणीद्वारे काढून टाकावेत, असे पुण्यातील शल्यचिकित्सकांनी सुचवले आहे. श्वासनलिकेत नळी न घालता, केवळ गुंगी देऊन व बरगड्यांलगतच्या नसा बधिर करून ही शस्त्रक्रिया होईल. हे ऐकल्यापासून वडिलांनी ती किरकोळ ठरवून, आठवड्याभरात तो कारखान्यात उभा राहील असा हिशेब मांडला आहे. हा हिशेब कितपत बरोबर आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त भूलतज्ज्ञ

आपल्या वडिलांना सांगावे की नळी नसल्याचा फायदा मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतो. नेहमीच्या पद्धतीत स्नायू शिथिल करणारे औषध देऊन, दोन्ही फुफ्फुसांना स्वतंत्र मार्ग असलेली नळी घालतात आणि एकच फुफ्फुस यंत्राने चालवतात. येथे मात्र रुग्ण स्वतःच श्वास घेत राहतो, छातीला छेद दिल्यावर हवा आत शिरून त्या बाजूचे फुफ्फुस आपोआप आकसते आणि खोकल्याची उबळ येऊ नये म्हणून बऱ्याचदा मेंदूतून छातीत उतरणारी व्हेगस नावाची नसही बधिर करतात. त्यामुळे नंतर घसा दुखत नाही, शिथिलक औषधाचा अंमल उरत नाही आणि बहुधा काही तासांतच पाणी पिता येते व उठून बसता येते. छातीला स्थानिक भूल देऊन दुर्बिणीने आत पाहण्याचे काम स्वीडनच्या याकोबेउस यांनी 1910 मध्येच प्रसिद्ध केले होते, म्हणून हा प्रयोग कालचा आहे असे समजून घाबरू नये.

परंतु फुफ्फुसावरची जखम तेवढीच असते. आतली हवा व स्राव बाटलीत सोडण्यासाठी छातीत घातलेली नळी येथेही राहतेच आणि बाटलीत हवेचे बुडबुडे येणे थांबून, स्राव कमी होऊन, एक्स-रेमध्ये फुफ्फुस पूर्ण फुगलेले दिसेपर्यंत ती काढत नाहीत. चालताना ती बाटली छातीच्या पातळीखालीच धरावी. आणखी एक गोष्ट : भावाला पूर्वी क्षयरोग झाला असल्यास ते आधीच सांगावे, कारण फुफ्फुस छातीच्या आवरणाला चिकटलेले असले तर शस्त्रक्रियेच्या मध्यातच श्वासनलिकेत नळी घालावी लागू शकते. संमतिपत्रात तशी नोंद असतेच.

पूर्वी हीच शस्त्रक्रिया झालेला

मला अपेक्षेपेक्षा अधिक त्रास झाला तो वेदनेचा. टाके लहान होते, पण बरगडीच्या नसेवर ताण आल्यामुळे काखेपासून स्तनाग्रापर्यंत आग होई आणि सदऱ्याचा स्पर्शही नकोसा वाटे. हे काही आठवडे चालले व नसांच्या दुखण्यावरील वेगळ्या गोळ्यांनी आटोक्यात आले. दुखते म्हणून उथळ श्वास घेतला की फुफ्फुसाच्या तळाशी कफ साठतो, म्हणून वेदनाशामक वेळेवर घेऊन श्वासाच्या व्यायामाचे तीन छोट्या चेंडूंचे ते फुंकणीसारखे यंत्र वापरावे. त्यात फुंकायचे नसते, सावकाश हवा आत ओढायची असते. खोकताना छातीवर उशी दाबून धरल्यास बराच आराम पडतो.

फिजिओथेरपिस्ट

त्या बाजूचा खांदा पहिल्या दिवसापासून हलवत ठेवावा, नाहीतर तो आखडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात चालण्यासाठी सकाळची वेळ निवडावी.

यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड, सोलापूर

सर्वांचे आभार. भाऊ अधूनमधून सिगारेट ओढतो आणि कारखान्यात कापसाची धूळ असतेच. तो कामावर केव्हा परतू शकेल?

निवृत्त भूलतज्ज्ञ

सिगारेट आजच बंद करायला हवी, कारण धूम्रपान चालू राहिल्यास हवा पुन्हा साठण्याचा धोका वाढतो. बैठे काम, उदाहरणार्थ हिशेबाच्या वह्या, साधारणतः दोन-तीन आठवड्यांत जमते. सुताचे जड बीम उचलणे, गाठोडी वाहणे यांसाठी मात्र निदान महिना-दीड महिना थांबावे आणि फेरतपासणीतील एक्स-रे पाहून शल्यचिकित्सकांनीच परवानगी द्यावी. पुण्याहून रेल्वेने किंवा मोटारीने येण्यास सहसा अडचण नसते, विमानप्रवास मात्र विचारल्याशिवाय करू नये. घरी आल्यावर अचानक धाप लागली, छातीत एकदम कळ आली, ताप चढला, थुंकीतून रक्त पडले किंवा एका पायाची पोटरी सुजली, तर पुण्याच्या तारखेची वाट न पाहता सोलापुरातीलच जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे.